जर्मनीतलं 'फुकट' एमएस : भाचीला पाठवावं का?

कृष्णाकाठ | ११ मे २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

माझी भाची मेकॅनिकल इंजिनियर. सांगलीतच शिकली, सीजीपीए ७.४. दोन वर्षं चाकणला एका कंपनीत आहे, पगार वर्षाला सव्वाचार लाख. आता तिला जर्मनीत एमएस करायचंय. पुण्यातल्या कन्सल्टंटने सांगितलं, तिकडे शिक्षण फुकट आहे, फक्त 'ब्लॉक्ड अकाऊंट'ला पैसे दाखवायचे. त्याची स्वतःची फी नव्वद हजार, त्यातले पन्नास देऊन झालेत. एपीएस नावाचं सर्टिफिकेट (डिग्री-मार्कलिस्ट खऱ्या असल्याचं) हातात आलंय आणि एक ऑफर लेटरही आलंय.

मेव्हणे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. विश्रामबागला घर आहे, ते तारण ठेवायचं म्हणतायत. ताईला रात्री झोप नाही. आणि घरात थोडंफार इंग्रजी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

दाखवायचे म्हणजे नक्की किती? परत मिळतात का? दोन वर्षांत होतं का? नोकरी लागते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

एल्बकर | ११ मे, रात्री ११:५५

कृष्णाकाठ, मी सहा वर्षं माग्डेबुर्गमध्ये आहे. इथेच मास्टर्स केलं, आता इथेच नोकरी.

फी नाही हे खरं, फुकट हे खोटं. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नसते, दर सत्राला वर्गणी असते. शहराप्रमाणे शंभरापासून साडेतीनशे युरोपर्यंत. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात (श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग) युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, मास्टर्सला सत्राला ४ ते ६ हजार युरो. तेव्हा राज्य बघा.

ब्लॉक्ड अकाऊंट, इथे त्याला श्पेर्कोन्टो म्हणतात. त्यात सध्या ११,९०४ युरो भरावे लागतात, म्हणजे आजच्या भावाने साडेअकरा लाखांच्या आसपास. 'दाखवायचे' नाहीत, भरायचे. पैसे तिचेच राहतात, पण एकदम काढता येत नाहीत. इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. 'परत मिळतात का' म्हणाल तर मिळतात, पण खायला-राहायलाच जातात. आमच्याकडे खोली २५० ते ३५० मध्ये मिळते, म्युनिकला सातशे दिले तरी धन्यता मानायची. आरोग्यविमा सुमारे १४०. उरलेल्यात बाकी सगळं.

एक विचारतो : ऑफर लेटरवर विद्यापीठाचं नाव काय आहे? इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

खडूस_पुणेकर | १२ मे, सकाळी ७:१०

घर तारण ठेवून मुलीला तिकडे पार्सलं उचलायला पाठवायचं? चाकणमध्ये काय वाईट आहे? पाच वर्षं टिकली तर इथेच बारा लाखांवर जाईल.

---

रानफूल | १२ मे, सकाळी ९:३२

खडूसकाका, चाकणमध्ये काय वाईट आहे ते शॉपफ्लोअरवर एकट्याच मुलगी म्हणून उभ्या राहा, मग कळेल. मी तीन वर्षं राहिलेय. पार्सलं मीही उचललीत आणि त्याची मला लाज नाही.

बाकी घर तारण ठेवण्याबद्दल तुमचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही.

---

कृष्णाकाठ | १२ मे, दुपारी १:१५

एल्बकर, व्यनि केलाय. खडूस, तुम्ही बोललात तेच मेव्हण्यांचे धाकटे बंधू रोज बोलतात, त्यामुळे सवय आहे :)

---

एल्बकर | १२ मे, संध्याकाळी ६:४८

व्यनि वाचला. परवानगी घेऊन इथे लिहितोय, कारण हा प्रकार खूप जणांच्या बाबतीत होतो.

ते लेटर सरकारी विद्यापीठाचं नाही. बर्लिनमधल्या खाजगी संस्थेचं आहे. पहिल्या पानावर 'स्कॉलरशिप' लिहिलंय, ती वजा करूनही वर्षाची फी साडेनऊ हजार युरो होते, ते तिसऱ्या पानावर. कन्सल्टंटने ताईंना पहिलंच पान वाचून दाखवलेलं दिसतंय.

यातलं गणित साधं आहे. सरकारी विद्यापीठं एजंटांना दलाली देत नाहीत, बऱ्याच खाजगी संस्था देतात. मग एजंट कुठलं लेटर आधी आणेल? सगळ्याच खाजगी संस्था वाईट असं मी म्हणत नाही, पण 'फुकट' सांगून हे हातात ठेवणं म्हणजे कमालच.

उरलेले चाळीस हजार देऊ नका. एपीएस झालंय ही जमेची बाजू. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना ते सक्तीचं आहे. त्याची सरकारी फी १८,००० रुपये, बाकीचं काम तिने स्वतः केलेलं असणार. अर्ज 'युनि-असिस्ट' नावाच्या पोर्टलवरून स्वतःच करायचे, पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, काही ठिकाणी त्याआधीच संपते. आजपासून लागलात तर वेळ आहे.

तिचे मार्क जर्मन पद्धतीत किती होतात तेही काढून देतो. दहापैकी ७.४, पास व्हायला ४ लागतात असं धरलं तर : दहातून ७.४ गेले २.६, त्याला तीनने गुणायचं, सहाने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. २.३ आले. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. बऱ्याच कोर्सेसना २.५ किंवा त्याहून चांगले लागतात. म्हणजे ती बसते.

---

कृष्णाकाठ | १२ मे, रात्री ९:०५

काय बोलावं सुचत नाहीये. तिसरं पान मीसुद्धा वाचलं नव्हतं. इंग्रजी वाचणारा म्हणून मिरवत होतो घरात.

---

निवृत्त_बँकवाला | १३ मे, सकाळी ११:२०

कर्जाबद्दल थोडं. सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज असेल तर साधारणपणे तारण मागतात. हप्ता कोर्स संपून सहा महिने ते वर्षभराने सुरू होतो, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून पडतं. लोक नेमके इथेच फसतात.

पंधरा लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी धरू. महिन्याचं व्याज तेरा हजार एकशे पंचवीस. एक सत्र म्हणजे सहा महिने लांबलं तर नुसतं व्याज ७८,७५०. वर तिथे राहण्याचे महिना ९९२ प्रमाणे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे जवळपास पावणेसहा लाख. एक सत्र वाढलं की साडेसहा लाख! फीच्या नावाखाली कोणी काही मागत नाही, पण वेळेच्या नावाखाली सगळं वसूल होतं. माझ्याकडे कर्ज घेतलेल्या मुलांपैकी ज्यांचे हप्ते थकले त्यांची कॉलेजं वाईट नव्हती, कोर्स लांबले होते.

शक्य असेल तर महिन्याचं व्याज पहिल्यापासून भरत जा. आणि पैसे बँकेच्या कर्जातूनच थेट बाहेर पाठवा. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या कर्जातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला जात नाही. घरच्या ठेवी मोडून पाठवले तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर कापतात.

आयकराच्या कलम ८०ई खाली व्याजाची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. मेव्हणे कुठल्या प्रणालीत आहेत ते बघा.

---

परतीचा_पाऊस | १३ मे, रात्री ११:४७

बँकवाले काकांनी जे आकड्यांत सांगितलं ते मी राहून आलोय. हे पहिल्यांदाच लिहितोय. जर्मनीतून डिग्री न घेता परत आलो, आता नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरी करतो.

आपल्याकडे इंजिनियरिंग म्हणजे टर्मवर्क, सबमिशन, फाइलवर सही, ओरलला सरांनी ओळखलं तर दोन मार्क जास्त. शेवटच्या चार रात्री जागलं की निघून जातं. तिथे यातलं काही नाही. हजेरी नाही, इंटर्नल नाही, कोणी विचारत नाही. प्राध्यापक लेक्चर घेतात, टेबलावर बोटांनी टकटक करून मुलं दाद देतात, संपलं. सत्राच्या शेवटी एकच पेपर आणि शंभर टक्के त्याचेच. मला पहिले तीन महिने वाटलं, काय मस्त देश आहे.

मी रात्री पार्सलच्या गोदामात जायचो. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं (माझ्या वेळी १२०/२४० होतं). पहाटे चारला सुटायचो, पहिली ट्राम पाचला. त्या तासाभरात स्टॉपवर उभ्या उभ्या झोपायला शिकलो. घरी कळवलं होतं की कमावतोय, आता पैसे पाठवू नका. बाबांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

'फ्लुइड'चा पेपर पहिल्यांदा गेला. निकाल नावाने लागत नाही, रोल नंबरची यादी लागते. माझ्या नंबरापुढे ५.०, म्हणजे नापास. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात. दुसऱ्या वेळी ताप असताना बसलो. डॉक्टरचा दाखला वेळेत दिला असता तर ती संधी मोजली गेली नसती, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या वेळी अभ्यास केला होता, खरंच केला होता. पण मनात विषय नव्हताच, फक्त 'तिसरी' हा शब्द होता.

पत्र पिवळ्या पाकिटात येतं. पोस्टमन ते कधी टाकलं ती तारीख पाकिटावरच पेनने लिहून जातो, म्हणजे 'मिळालं नाही' म्हणायची सोय नाही. तीन दिवस मी ते फ्रिजवर ठेवलं होतं. उघडायच्या आधी आत काय आहे ते माहीत होतं. एकदा एका सक्तीच्या विषयात असं झालं की जर्मनीत दुसरीकडेही तोच कोर्स करू देत नाहीत.

घरी आठ महिने सांगितलं नाही. आईने व्हिडिओ कॉलवर एकदा विचारलं, "तुझ्या मागची भिंत बदलली का रे?" मी मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपत होतो तेव्हा.

भाचीला माझ्याकडून एवढंच सांगा : पहिल्या सत्रात सहा पेपर लावू नकोस. तीन लाव, चार लाव. मुदतीच्या आत नाव मागे घेता येतं, त्यात कमीपणा नाही. आणि पहिल्या सत्रात रात्रीची नोकरी नको. त्या पगारात खोलीभाडं सुटतं, पण सत्र जातं.

---

रानफूल | १४ मे, पहाटे १२:२०

पाऊस, _/\_. लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

खडूस_पुणेकर | १४ मे, सकाळी ७:०२

माझा वरचा प्रतिसाद जरा तिरकस झाला होता. नाशिकला येणं होतं, कधी भेटू.

---

जर्मन_शिकवते | १४ मे, दुपारी ३:३०

कोर्स इंग्रजीत आहे म्हणून भाषा लागत नाही, हे कन्सल्टंटचं दुसरं आवडतं वाक्य. वर्गात लागत नाही हे खरं. पण घरमालक, डॉक्टर, नगरपालिकेचं ऑफिस आणि मुख्य म्हणजे नोकरी, सगळं जर्मनमध्येच. भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. ए-वन म्हणजे भाजी घेता येते. बी-वन म्हणजे भांडता येतं. मेकॅनिकलच्या नोकरीला बी-टू तरी हवं. तिकडे गेल्यावर शिकू म्हणणारी मुलं शिकत नाहीत, कारण खोलीत चौघे आपलेच असतात.

वीस वर्षं शिकवतेय, मराठी मुलांना एक सांगते. हिंदीवाल्यांना दोनच लिंगं, आपल्याला जर्मनसारखीच तीन. 'तो चमचा, ती वाटी, ते ताट' हे घरातच शिकलेलं असतं, म्हणून डेर-डी-डास ऐकून आपली मुलं दचकत नाहीत, फक्त पाठांतर वेगळं करावं लागतं. आणि आकडे! जर्मन माणूस एकवीसला 'एक-आणि-वीस' म्हणतो. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे अडखळतात. ज्यांनी 'एकवीस, बावीस, तेवीस' घोकलेत त्यांना ते उलटं वाटतच नाही. मेव्हणे मराठी शाळेत शिक्षक होते ना? आकडे त्यांच्याकडूनच घोकून घ्या, लेकीबरोबर तेवढाच वेळही जाईल.

जाण्याआधी ए-टू पुरं करून बी-वन अर्धं झालेलं असलं तर उत्तम.

---

निवृत्त_बँकवाला | १४ मे, संध्याकाळी ५:१०

नोकरीचं कोणीच बोलत नाहीये. बातम्यांत वाहन उद्योगाची अवस्था वाचतो. फोक्सवागनने डिसेंबरमध्ये युनियनशी करार केला, २०३० पर्यंत पस्तीस हजार जागा कमी करणार म्हणून. मेकॅनिकलच्या मुलीने तिकडे जाऊन करायचं काय?

---

एल्बकर | १४ मे, रात्री ८:२६

काका, प्रश्न बरोबर आहे. आमच्याच गावचं सांगतो. २०२२ मध्ये इंटेलने माग्डेबुर्गला चिपचा कारखाना टाकायची घोषणा केली. पुढची दोन वर्षं भारतातले एजंट 'इंटेल येतंय, माग्डेबुर्गला चला' एवढ्यावर मुलं पाठवत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो प्रकल्प दोन वर्षं पुढे ढकलला गेला. आजही त्या जागेवर शेतच आहे, मी सायकलवरून जातो तिकडून.

तेव्हा कंपनी बघून गाव निवडू नये. डिग्रीनंतर नोकरी शोधायला दीड वर्षाचा व्हिसा मिळतो, तो मोठा आधार आहे. माझ्या बॅचमधल्या मेकॅनिकलवाल्यांपैकी जे टिकले ते गाड्यांत नाहीत. एक रेल्वेच्या सिग्नलमध्ये आहे, एक पवनचक्क्यांत, एक जण शेतीच्या यंत्रांत. तिघांचंही जर्मन चांगलं आहे. ज्यांचं नाही ते हुशार असूनही बर्लिनला जेवणाचे डबे पोचवतायत.

स्पर्धाही वाढलीय. परदेशी विद्यार्थ्यांत पूर्वी चिनी मुलं जास्त असायची, आता आपण पहिले. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात इथे ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते.

---

रानफूल | १५ मे, सकाळी १०:१५

ताईंना सांगण्यासारख्या काही बारीकसारीक गोष्टी, सुचतील तशा.

खोलीचे पैसे किल्ली हातात आल्याशिवाय द्यायचे नाहीत. 'मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं म्हणणारा घरमालक नसतो, चोर असतो. माझ्या मैत्रिणीचे असेच सातशे युरो गेले. विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज टाकायचा, यादी लांबलचक असते.

खोली नुसती मिळून भागत नाही, घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो घेऊन दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. सगळ्याचं कुलूप या एका कागदाने उघडतं. बँकेचं खातं चालू झालं की मग ब्लॉक्ड अकाऊंटमधले पैसे सुटायला लागतात. म्हणून पहिल्या दीड महिन्याला पुरतील एवढे पैसे वेगळे न्या. मी नव्हते नेले. पंधरा दिवस ब्रेड आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढले, आता ती चटणी बघवत नाही.

सामान : दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे नको. कस्टमवाल्याने माझ्या आजीचं तूप माझ्यासमोर फेकलं. कांदा-लसूण मसाला मात्र दोन किलो न्या, आणि फोडणी घालताना आधी खिडकी उघडायची, मग मोहरी. उलटं केलं की धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खा मजला पायजम्यात खाली उतरतो.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी कांदे आणले नाहीत तर सोमवारपर्यंत कांदा नाही.

---

कृष्णाकाठ | १५ मे, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. हा धागा छापून काढला आणि काल रात्री घरात मोठ्याने वाचला. पाऊस यांचा प्रतिसाद वाचताना मेव्हणे उठून गॅलरीत गेले.

भाचीने स्वतःच कन्सल्टंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पन्नास हजार गेले ते गेले. आता युनि-असिस्ट. कर्ज बारा लाखच घ्यायचं आणि व्याज दर महिन्याला मेव्हण्यांच्या पेन्शनमधून भरायचं ठरतंय.

एक राहिलं. डिसेंबरमध्ये माग्डेबुर्गच्या नाताळबाजारात गाडी घुसवली होती. ते ताईने टीव्हीवर पाहिलंय. ती तेच विचारते.

---

एल्बकर | १५ मे, रात्री ११:३०

त्या संध्याकाळी मी तिथून दहा मिनिटांवर होतो. खोटं सांगणार नाही, पुढचे काही आठवडे वाईट गेले. ट्राममध्ये लोक रोखून बघायचे. एकदा एकाने शिवीही दिली. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारात केक ठेवला आणि चिठ्ठीत लिहिलं, रात्री उशिरा एकटा येऊ नकोस, फोन कर. दोन्ही खरं आहे. मी रात्री उशिरा स्टेशनच्या बाजूने जात नाही, बाकी रोजचं आयुष्य चालू आहे. ताईंना बोलायचं असेल तर नंबर व्यनि करतो.

---

कृष्णाकाठ | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:१५

धागा वर काढतोय.

भाची माग्डेबुर्गला पोचली! एकूण पाच ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी मिळालं. व्हिसा उशिरा आला, त्यामुळे वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर गेली. एल्बकर स्टेशनवर घ्यायला आले होते, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पत्ता नोंदवून झाला, पहिले ९९२ युरो सुटले. तीन पेपर लावलेत, तीनच. नोकरी उन्हाळ्यापर्यंत नाही. आकडे अजून मेव्हण्यांशी फोनवर घोकते, सत्त्याण्णवला दोघेही अडतात.

---

जर्मन_शिकवते | १६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

सत्त्याण्णव मराठीतही अवघडच आहे हो.

---

परतीचा_पाऊस | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३३

तीन. वाचून बरं वाटलं.

---

एल्बकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

उपकार वगैरे काही नाही, मला कांदा-लसूण मसाला मिळाला. अवांतर : इंटेलने जुलैत प्रकल्प रद्दच केला. शेत आहे तिथेच आहे.

---

कृष्णाकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

एक छोटी मदत हवी होती. कुकर नेला पण झाकणाचं रबर सांगलीतच राहिलं, आणि तिकडे त्या मापाचं मिळत नाही. कुरियरवाला अडीच हजार मागतोय, रबर एकशे ऐंशीचं. या महिन्यात पुण्याहून कोणी तिकडे जाणार आहे का?

---

रानफूल | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

मी सुट्टीवर आलेय, २९ ला परत निघतेय. लाइपझिगपर्यंत आणते, तिथून ती ट्रेनने येऊन घेऊन जाईल. व्यनि करा. आणि दोन रबरं द्या, एक माझ्या कुकरला. तीन लिटरचाच आहे ना?